भंडारा लागलेली कुपी

मित्रांनो, उद्या सकाळी शाळा भरली की माझी मान मोडायची ठरली आहे. मोडणार आहेत तुमच्याच विज्ञानाच्या नीलाबाई. आज दुपारी त्यांनी कपाट उघडलं, माझी तपकिरी काचेची कुपी उजेडाकडे धरून पाहिली आणि "उद्या" एवढंच म्हणाल्या. तुम्ही हळहळू नका. मी भ्यालेलो नाही. कितीतरी वर्षं मी याच दिवसाची वाट बघत लाकडी पेटीत, कापसात पडून आहे. पडून पडून मला स्वतःचाच कंटाळा आला होता.

जाण्याआधी माझी हकिकत मात्र मी सांगणार. नाहीतर उद्या तुम्ही काचा झाडाल, हात धुवाल आणि एकमेकांना विचाराल, काय होतं रे त्यात? तेलच ना? मला कुणी तेल म्हटलेलं खपत नाही. एवढा एक ताठा माझ्यात आहे, तो सांभाळून घ्या.

मी एक जुना प्रमाण-द्रव आहे. नाव मिथाइल ओलिएट, जात मेदाम्लाच्या एस्टरची. ऐकूनच तोंड वाकडं केलंत ना? थांबा, सोपं करून सांगतो. तुमच्या घरच्या तेलातुपात तऱ्हेतऱ्हेची आम्लं दडलेली असतात. त्यातलं एकच निवडून बाहेर काढायचं आणि एका स्पिरिटाशी त्याचं लग्न लावून द्यायचं. त्या लग्नातून जे जन्मतं, ते एस्टर. म्हणजे मी. पाण्यासारखा स्वच्छ, वास असून नसल्यासारखा, बोटाला किंचित बुळबुळीत.

आणि मी काही परमुलखातला नाही बरं का. माझं आजोळ इथलंच. आपल्या उस्मानाबाद जिल्ह्याच्या काळ्या रानातला भुईमूग घाण्यात गेला, त्याचं तेल हैदराबादेतल्या एका प्रयोगशाळेत पोचलं आणि तिथं माझे हाल सुरू झाले. मला बर्फात गोठवलं. गोठलं ते बाजूला काढलं, उरलं ते पुन्हा गोठवलं. लग्न लागल्यावर हवा काढून घेतलेल्या भांड्यात मला तापवून माझी वाफ केली, ती निववली, पुन्हा वाफ केली. शेवटी माझ्यात माझ्याशिवाय दुसरं काही उरलंच नाही. मग मला तीन कुप्यांत भरलं, आत हवा राहू नये म्हणून दुसरा एक गरीब स्वभावाचा वायू सोडला आणि कुप्यांच्या माना ज्योतीवर वितळवून बंद केल्या. आम्ही तिघं भाऊ असे जन्मलो. आम्हाला घेऊन निघणाऱ्या माणसाला तिथल्या वयस्क साहेबांनी बजावलं होतं की यांना अंधारात आणि गारव्यात ठेवा, आणि ज्याला उघडाल त्याला त्याच दिवशी वापरा, कारण हवा लागली की हे बिघडतात.

आता माझं काम काय? बाजारातले तराजू तपासायला साहेब येतात, ते स्वतःची छापाची वजनं बरोबर आणतात. ती वजनं मालाला लावायची नसतात, तराजूला लावायची असतात. मी त्या वजनांच्या भावकीतला. मी तुपाची परीक्षा करत नाही. जे यंत्र तुपाची परीक्षा करतं, त्याची परीक्षा मी करतो.

ते यंत्र होतं नळदुर्गच्या तूप सोसायटीत, म्हणून आमची रवानगी तिथंच झाली. साल होतं एकोणीसशे एकसष्ट. निजामाचं राज्य जाऊन बरीच वर्षं झाली होती, जिल्हा आधी मुंबई राज्यात आला होता, मग महाराष्ट्र झाला, आणि शेर-छटाक मोडून किलो आलेले असल्यानं बाजारात रोज कुणी ना कुणी भांडत होतं. सोलापूर-हैदराबाद रस्त्याला लागूनच सोसायटीची बैठी इमारत. बाजारच्या दिवशी आसपासच्या खेड्यांतल्या बायका डोक्यावर तुपाचे डबे घेऊन येत. तूप तपासलं जाई, मोठ्या डब्यांत भरलं जाई आणि ट्रकनं सोलापूरला नाहीतर हैदराबादला जाई.

तपासणाऱ्या होत्या नीलाबाई. तुळजापूरच्या दत्तोपंत मास्तरांची ही लेक हैदराबादेतून बी.एस्सी. होऊन आलेली. दोन काचांच्या मध्ये तुपाचा थेंब ठेवायचा, यंत्राला चाळीस अंशांच्या पाण्यानं ऊब द्यायची आणि नळीला डोळा लावायचा. आत अंधार आणि उजेड यांची हद्द दिसते. ती हद्द कुठल्या आकड्यावर उभी आहे ते वाचायचं. नेहमीचं चांगलं तूप चाळीस ते त्रेचाळीसच्या मध्ये उभं राहतं. त्यात तेल मिसळलं की आकडा वर सरकतो. मी मात्र कधीही आणि कुठंही एकोणतीसवरच. मी दुसऱ्या आकड्यावर दिसलो तर समजायचं, यंत्राची नियत फिरली. गाववाले त्या यंत्राला दुर्बीण म्हणत. पाणी तापवायचं काम शिपाई बिरदेवचं. पाणी थोडं जास्त तापलं की बाई त्याला गार ओतायला लावत, आणि मग तो स्टोव्हलाच शिव्या घाली.

सोसायटीचे चेअरमन होते शांतलिंगअप्पा. किराण्याचे व्यापारी, कपाळाला विभूती, बोलणं मोजकं. माणूस सज्जन, पण तुपाच्या बाबतीत भलताच कडक, आणि त्याला कारण होतं. सोसायटी नवी असताना कुणा एकाच्या भेसळीपायी सोलापूरच्या व्यापाऱ्यांनी आख्खा ट्रक परत पाठवला होता. तेव्हापासून अप्पांनी एक रिवाज पाडला. ज्याचं तूप खोटं निघेल त्याच्या डब्यावर डांबराचा पट्टा ओढायचा आणि तो डबा दिवस मावळेपर्यंत बाजारातल्या ओट्यावर ठेवायचा. पट्टा एकदा बसला की त्या घरचं ताकसुद्धा कुणी तोंडाला लावत नसे.

दिवाळी सरल्यावरच्या बाजाराला रुद्रम्मा आपला डबा घेऊन आली. जवळच्याच खेड्यातली, चाळिशी ओलांडलेली, घरात कानडी आणि बाहेर मराठी बोलणारी बाई. तिच्याकडे चंदी नावाची एकच म्हैस होती, पण त्या घराच्या तुपाला मान मोठा. तुम्हाला माहीतच आहे, आपला खंडोबा वर्षातला बराच काळ अणदूरला असतो आणि मार्गशीर्षात नळदुर्गला येतो. तो आला की पहिल्या नैवेद्यावर तूप वाढलं जाई ते रुद्रम्माच्या घरचं. तिच्या सासूच्या सासूपासून हे चालत आलेलं होतं.

त्या दिवशी तिच्या तुपाची हद्द पंचेचाळीसवर जाऊन उभी राहिली.

नीलाबाईंनी काचा पुसून पुन्हा थेंब ठेवला. पंचेचाळीस. तिसऱ्यांदा ठेवला. तेच. मग त्यांनी वनस्पती तुपाची, म्हणजे कारखान्यात तेल गोठवून केलेल्या नकली तुपाची, परीक्षा घेतली. वनस्पतीत तिळाचं तेल मिसळायचा सरकारी हुकूमच असतो, त्यामुळं तुपात वनस्पती असलं तर एका औषधानं तांबडा रंग चढतो. रंग काही चढला नाही. म्हणजे वनस्पती नाही. मग अंगणात जमलेल्या लोकांनी आपसूकच ठरवून टाकलं की शेंगतेल घातलं असणार. माझ्या आजोळाचं नाव असं चोरीत आलेलं ऐकून मला फार वाईट वाटलं.

शांतलिंगअप्पा न्यायाचे. ते म्हणाले, आधी दुर्बीण तपासा, तिचाच दोष असला तर? तेव्हा नीलाबाईंनी कपाटातून आमची पेटी काढली आणि माझ्या थोरल्या भावाची मान मोडली. कट्कन आवाज झाला. मी शेजारीच होतो. खरं सांगू? मला अभिमान वाटला. घरातला थोरला पहिल्यांदा कामाला निघाला की वाटतो तसा. दाखव रे भावा, म्हटलं, आपण कोण आहोत ते एकदा दाखव.

भावानं दाखवलं. एकोणतीस, अगदी रेघेवर. यंत्रात काडीचा दोष नव्हता.

आणि मित्रांनो, पुढच्याच घटकेला माझ्या लक्षात आलं की आम्ही काय करून बसलो. यंत्र खरं, म्हणजे पंचेचाळीस खरे. पंचेचाळीस खरे, म्हणजे रुद्रम्मा खोटी. ती बाई दारात उभी होती. तिच्या तोंडावर चोरी उघडी पडल्याची लाज नव्हती, नुसता गोंधळ होता. आपल्याच घराचं कुलूप आपल्याच किल्लीनं उघडेना की माणूस जसा बघत राहतो, तशी ती डब्याकडे बघत होती. त्या दिवशी मला माझ्या शुद्धपणाचा पहिल्यांदा राग आला.

आपल्याकडे असं अडलं की एक रस्ता असतो. भंडारा उचलायचा. खंडोबाची हळद हातात घेऊन सांगायचं की मी खोटं केलं नाही, आणि मग त्यावर कुणी बोलायचं नाही. अप्पांनी मोठ्या मनानं तो रस्ता तिला दाखवला.

"अक्का, भंडारा उचला. मी तूप पदरात घेतो, विषय संपला."

बिरदेव लगबगीनं भंडाऱ्याची वाटी घेऊन आला. रुद्रम्मानं हात पदराखाली घेतला.

"डबाभर तुपासाठी देवाला मधी घालू व्हय अप्पा? म्या न्हाय उचलणार. माझी म्हस दावणीला हाय. तिला येऊन बघा."

झालं. अंगणात कुजबूज उठली. खरी असती तर उचलला नसता का, असं जो तो म्हणू लागला. तिच्याच गावची कमलबाई तर मोठ्यानं म्हणाली की हिच्या घरी यंदा एवढं तूप निघतंय कुठून, याचं मला कधीचं कोडं पडलंय. दोघींचं घर एकाच गल्लीत, पाणी एकाच विहिरीचं, आणि बोलणं गेल्या उन्हाळ्यापासून बंद. अप्पांनी मान खाली घातली आणि बिरदेवला डांबर आणायला सांगितलं.

बिरदेव डांबराचं डबडं घेऊन आला तेव्हा नीलाबाई डब्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. वय लहान, नोकरी नवी, समोर सगळा बाजार. पण पाय हलले नाहीत.

"अप्पा, यंत्र खरं आहे एवढंच आज ठरलंय. तूप खोटं आहे हे अजून ठरलेलं नाही. मला मुदत द्या."

अप्पांनी डांबराचं डबडं बाजूला ठेवायची खूण केली. मग म्हणाले, देव अणदूरहून निघायच्या आधीच्या बाजारापर्यंत मुदत. तोवर डबा लाखेनं बंद. तेव्हाही उलगडा झाला नाही तर पट्टा ओढायचा, नैवेद्याचं तूप दुसऱ्या घरचं घ्यायचं, आणि बाई, मग तुमच्या तपासणीवरही आम्हाला विचार करावा लागेल.

रुद्रम्माचा तो डबा माझ्या कपाटात, माझ्या शेजारी येऊन बसला. मुदत संपेपर्यंत आम्ही एकमेकांशेजारी होतो. त्या तुपाचा वास दाराच्या फटीतून खोलीभर पसरे. मी रोज त्याला मनात म्हणे, तू खरा असशील तर निघ बाबा यातून, माझी तुझ्याशी काही अदावत नाही.

पुढचं जे घडलं ते मी कपाटातून ऐकलं, कारण नीलाबाई आल्या की सगळं बिरदेवला सांगत. पहिल्यांदा त्या रुद्रम्माकडे जाऊन राहिल्या. धार त्यांच्या डोळ्यांपुढं काढली. विरजण त्यांच्यासमोर लागलं, ताक घुसळलं, लोणी निघालं, तूप कढलं. बाई चुलीपुढून उठल्या नाहीत. धुरानं डोळे लाल करून घेतले आणि स्वतःच्या हातानं बंद केलेली बरणी घेऊन आल्या. थेंब ठेवला. पंचेचाळीस.

बिरदेव डोकं खाजवत म्हणाला, "आता काय म्हशीनंच तेल घातलं म्हणायचं?"

तो आपला गमतीनं बोलला. पण नीलाबाई हसल्या नाहीत. मग त्यांनी बिरदेवला विचारलं की कमलबाईचं तूप गेल्या बाजाराला किती होतं. बेचाळीस होतं. एकच गल्ली, एकच विहीर, कडबाही एकाच माळाचा. मग फरक कुठं? दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं बाई पुन्हा त्या खेड्यात गेल्या, आणि या खेपेला चुलीकडे न जाता सरळ गोठ्यात शिरल्या.

गव्हाणीत सरकी भिजत पडली होती. कपाशीचं बी. रुद्रम्माचा भाऊ बसप्पा कापसातली सरकी वेगळी करणाऱ्या एका जिनिंगमध्ये कामाला होता, त्यानं यंदा बहिणीला गाडीभर सरकी पाठवली होती. त्या गावात बाकी सगळ्यांच्या म्हशी शेंगदाण्याची नाहीतर करडईची पेंड खात. चंदी एकटी सरकीवर होती, आणि चांगली तकाकली होती. दूध वाढलं होतं ते त्यामुळं. नीलाबाईंच्या डोक्यात तेव्हा लख्ख झालं. म्हैस जे खाते त्यातला तेलाचा अंश दुधात उतरतो. सरकीत तेल भरपूर. तुपात तेल पडलं होतं खरं, पण ते माणसाच्या हातून नव्हे, म्हशीच्या पोटातून. आणि आमच्या भिंतीवरचा चाळीस ते त्रेचाळीसचा तक्ता ज्यांनी लिहिला, त्यांच्यासमोर सरकी खाणारी म्हैस नसावी.

पण हे नुसतं सांगून कोण ऐकणार? दाखवायला हवं. बाईंनी रुद्रम्माला सांगितलं की सरकी बंद करा, पेंड घाला. रुद्रम्मा कळवळली. म्हस आटंल, म्हणाली, ऐन दुधात हाय. तरी तिनं सरकीचं पोतं उचलून दाराबाहेर ठेवलं. आणि बाई ते पोतं घेऊन गेल्या कुठं? कमलबाईच्या दारात.

तुमच्या म्हशीला ही घाला, असं त्यांनी तिला सांगितलं. कमलबाई आधी फणकारली. मग तिला काय वाटलं कोण जाणे, पदर खोचून ती म्हणाली की घालते, घालते की, सरकीनं का कुठं तूप खोटं होतंय? होऊन जाऊ द्या एकदा, म्हणजे हिचं पितळ सगळ्या बाजाराला दिसंल. नीलाबाईंनी बिरदेवला हे सांगितलं तेव्हा मी मनात म्हटलं, वा गं बाई, रागापायी का होईना, पण विज्ञानाला हातभार लावलास.

ते दिवस मोठे ओढाताणीचे गेले. चंदीचं दूध घटलं. रुद्रम्माच्या घरी ताक मागायला कुणी येईना. तिच्या शेजारणींनी पाणवठ्यावर तिच्याशी बोलणं टाकलं. एकदा ती सोसायटीत आली आणि कपाटातल्या डब्याकडे बघून गेली. नीलाबाई तिला म्हणाल्या की तुम्ही धीर सोडू नका, मीही सोडणार नाही. बाई आता हसत नव्हत्या, पण कुणी वाकडं बोललं तरी कामावरून नजर हलवत नव्हत्या. मला त्या फार आवडू लागल्या.

देव निघायच्या आधीचा बाजार उजाडला. अंगण माणसांनी भरलं. शांतलिंगअप्पा समोर बसले. ओट्यावर डांबराचं डबडं तयार होतं, आणि रुद्रम्माचा लाखबंद डबाही आणून ठेवला होता. मेजावर दोन झाकलेल्या वाट्या, एक रुद्रम्माच्या तुपाची, एक कमलबाईच्या. दोन्हीकडचं तूप बाईंनी स्वतः पुढं बसून कढवून आणलं होतं. बिरदेवनं आज पाणी इतकं जपून तापवलं की बाईंना एकदाही त्याला टोकावं लागलं नाही.

आधी माझ्या मधल्या भावाची मान मोडली. या वेळी नीलाबाईंनी नळीला डोळा लावलाच नाही. त्यांनी अप्पांना बोलावलं. अप्पांनी चष्मा वर सारला, वाकून पाहिलं आणि मोठ्यानं वाचलं. एकोणतीस.

मग रुद्रम्माचं तूप. अप्पा वाकले. "बेचाळीस," ते म्हणाले, आणि पुन्हा एकदा वाकून खात्री केली. लोक हलले. कुणीतरी म्हणालं, बघा, भिऊन या खेपेला चांगलं आणलं.

मग कमलबाईचं तूप. अप्पा वाकले ते वाकूनच राहिले.

"पंचेचाळीस."

कमलबाई पुढं आली, वाटीकडे पाहिलं, यंत्राकडे पाहिलं, आणि मट्कन खाली बसली.

"देवाची आण," ती म्हणाली, "माझ्या घरात तुपात तेलाचा थेंब न्हाय पडला."

रुद्रम्मा तिच्याजवळ गेली आणि तिच्या दंडाला धरून तिला उठवलं.

"म्या बी तेच म्हनत होते, कमळे."

मित्रांनो, माझ्या आजवरच्या आयुष्यात मी इतकं खरं वाक्य ऐकलेलं नाही. कमलबाईला हुंदका फुटला. गेल्या उन्हाळ्यापासून बंद पडलेलं बोलणं त्या दोघींनी तिथंच सुरू केलं, आणि ते इतकं सुरू झालं की शेवटी बिरदेवला त्यांना गप्प बसवावं लागलं.

नीलाबाईंनी लोकांना सरकीची सगळी गोष्ट समजावून सांगितली. अप्पा उठले. डांबराचं डबडं त्यांनी स्वतः उचललं आणि अंगणाबाहेर नेऊन रस्त्यावरच्या खड्ड्यात ओतलं. तो रिवाज त्या दिवशी संपला. परत येऊन त्यांनी रुद्रम्माच्या डब्यावरची लाख फोडली आणि तिच्यापुढं हात जोडले. मी डोळ्यांनी आकडा बघितला आणि कानांनी तुमचं ऐकलं नाही, असं ते म्हणाले. पुढं असं ठरलं की सरकीवरच्या म्हशींचं तूप वेगळं नोंदवायचं, आणि आकडा चुकला तर आधी गोठा बघून यायचं, मगच बोलायचं. सोलापूरच्या व्यापाऱ्यांनाही अप्पांनी हे पटवलं. दोन हेलपाटे पडले, पण पटवलं.

सगळे पांगल्यावर रुद्रम्मा मागं थांबली. तिनं नीलाबाईंना विचारलं की ते खरं सांगणारं औषध कुठंय. दोघं भाऊ तर कामी आले होते. बाईंनी पेटी उघडून मला दाखवलं आणि म्हणाल्या, हा त्यांचा धाकटा. रुद्रम्मानं कनवटीची पुरचुंडी सोडली. तिच्यात भंडारा होता. स्वतःचं नाव वाचवायला ज्या हातानं तिनं भंडारा उचलला नव्हता, त्या हातानं तिनं चिमूट घेतली आणि माझ्या कुपीच्या मानेला लावली.

"ह्यो खरं बोलला," ती म्हणाली. "पर तुमी तेवढ्यावर थांबला न्हाईत बाई, म्हून म्या वाचले."

त्या वर्षी खंडोबा नळदुर्गला आला तेव्हा पहिल्या नैवेद्यावर तिच्याच घरचं तूप होतं. मी तिथं नव्हतो, पण बिरदेव प्रसाद खाऊन आला आणि दिवसभर बोटं हुंगत बसला.

त्यानंतरची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. दूधच गावातून बाहेर जाऊ लागलं, तूप कढवणारी घरं कमी झाली, सोसायटीला कुलूप लागलं. नीलाबाई या शाळेत शिकवायला आल्या आणि यंत्राबरोबर मलाही घेऊन आल्या. यंत्रावर कापड पडलं. माझी पेटी लोहचुंबकांच्या आणि बेडकाच्या बरणीच्या मागं गेली. मध्यंतरी तुमच्यापैकीच कुणीतरी ती खिडकीला अडण म्हणून लावली होती. नाव सांगत नाही, त्याला माहीत आहे. उन्हात राहिलो असतो तर मी पार वाया गेलो असतो. बाईंनी वेळेत पाहिलं म्हणून वाचलो. पण मी कुरकुरलो नाही. बिघडायचं नाही, एवढंच माझ्या हातात होतं आणि ते मी केलं.

आणि आज दुपारी माकणीहून बलभीम नावाचे एक गृहस्थ आले. एसटीनं, मांडीवर तुपाचा डबा घेऊन. बाहेरगावच्या एका व्यापाऱ्यानं त्यांचं तूप खोटं ठरवलं, चार लोकांत त्यांना चोर म्हटलं. कुणीतरी त्यांना सांगितलं की नळदुर्गच्या शाळेत एक बाई आहेत. नीलाबाईंनी त्यांना पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं, मग यंत्रावरचं कापड काढलं. इतकी वर्षं झाकून पडलेलं यंत्र. ते अजून खरं बोलतं की नाही, हे कुणाला माहीत? ते फक्त मी सांगू शकतो. म्हणून उद्या.

तेव्हा मित्रांनो, माझं एवढं ऐका. कपाटातली कुठलीही कुपी गंमत म्हणून फोडू नका, आणि उन्हात टाकू नका. तिच्यावर कुणाची तरी इभ्रत अवलंबून असेल. पण कामाची वेळ आली की जपून ठेवायच्या मोहात पडू नका. फोडा. मी त्यासाठीच इतकी वर्षं तोंड मिटून बसलो. उद्या बाई मान मोडतील तेव्हा काचेवरचा पिवळा डाग पुसू नका, तो रुद्रम्माचा आहे.

एकोणतीसवर मी उभा राहीन, त्याची काळजी सोडा. यंत्र खरं निघेल नाहीतर खोटं निघेल, जे असेल ते मी तोंडावर सांगीन. माझं काम तिथं संपेल. तुमचं नाही. आकडा वाचून झाला की पाटीदप्तर बाजूला ठेवा आणि नीलाबाईंबरोबर माकणीची गाडी पकडा. बलभीमांच्या गोठ्यात जा, आणि त्यांची म्हैस काय खाते ते स्वतःच्या डोळ्यांनी बघून या.